पेशीला वाट दाखवताना

(कुपवाड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१९५८ साली ‘जर्नल ऑफ एम्ब्रिऑलॉजी अँड एक्सपेरिमेंटल मॉर्फॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात लीला मुल्हेरकर यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता कोंबडीचा भ्रूण. अंडे उबवायला ठेवल्यावर काही तासांतच बलकावरच्या पांढुरक्या चकतीत एक बारीक रेघ उमटते, तिला आदिरेषा म्हणतात. या रेघेच्या दोन्ही अंगांच्या भागात शेजारच्या पेशींना वेगळे काही घडायला लावण्याची ताकद आहे का, हा मुल्हेरकरांचा प्रश्न होता. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीच्या भ्रूणावरच्या प्रयोगांची परंपरा रुजवली. आज महाराष्ट्रात त्यांचे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

मूळपेशी म्हटले की कुपवाड-मिरजेकडच्या माणसाला अंडे आठवत नाही. त्याला आठवते ती बाळंतपणात नाळेतले रक्त साठवून ठेवा म्हणणारी जाहिरात, किंवा गुडघ्यात ‘स्टेम सेल’चे इंजेक्शन घेऊन आलेला कुणी नातेवाईक. तरीही सुरुवात अंड्यापासूनच करायला हवी. भ्रूणीय मूळपेशीपासून हृदयाची, मेंदूची किंवा स्वादुपिंडाची पेशी घडवण्याच्या ज्या कृती आज जगभर वापरल्या जातात, त्यांची जवळजवळ प्रत्येक पायरी कुणीतरी आधी बेडकाच्या, कोंबडीच्या किंवा उंदराच्या भ्रूणात पाहून ठेवलेली आहे. पेशीला हुकूम सोडता येत नाही. भ्रूणात तिला जे संदेश, ज्या क्रमाने आणि जितका वेळ मिळतात, ते तसेच काचेच्या बशीत मिळवून द्यावे लागतात. या क्षेत्रातले खरे काम कोणते आणि फसवणूक कोणती, हे ओळखायलाही हीच एक गोष्ट पुरते.

शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकांचा संच एकच असतो. डोळ्याच्या पेशीतही इन्सुलिनचे जनुक असते, पण ते बंद असते. कोणते जनुक कुठे उघडायचे हे ठरते ते मुख्यतः शेजाऱ्यांमुळे. हान्स स्पेमान आणि त्यांची तरुण विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड यांनी १९२४ साली जर्मनीत हे दाखवून दिले. सॅलमँडर जातीच्या एका भ्रूणातला चिमुकला तुकडा त्यांनी दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला, तर तिथे आणखी एक शरीर घडू लागले. त्यातल्या बऱ्याचशा पेशी बसवलेल्या तुकड्याच्या नव्हत्या, यजमान भ्रूणाच्याच होत्या. तुकड्याने त्यांना वळवले होते. हिल्डे त्याच वर्षी एका अपघातात भाजून गेल्या. स्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळाले.

पक्ष्यांच्या भ्रूणातही असे वळवणारे केंद्र असते, हे १९३०च्या दशकात कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी दाखवले. मुल्हेरकरांनी त्या शोधनिबंधाचे काम एडिंबरोत केले, ते वॉडिंग्टन यांच्याच संस्थेत. वॉडिंग्टननी १९५७ साली एक चित्र छापले, ते आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. एक डोंगरउतार, त्यावर फुटत गेलेल्या घळी आणि माथ्यावर घरंगळायच्या बेतात असलेला एक गोळा. गोळा म्हणजे पेशी.

सातारा-सांगलीच्या माणसाला हे चित्र महाबळेश्वरात प्रत्यक्ष पाहता येते. एकाच पठारावर पाऊस पडतो. धारेच्या पश्चिमेला पडलेले पाणी सावित्रीतून बाणकोटला अरबी समुद्रात जाते. पूर्वेला पडलेले कृष्णेतून वाई, कराड, सांगली करत थेट बंगालच्या उपसागराला मिळते. माथ्यावर दोन थेंबांत हातभराचे अंतर असते. तिथे थेंबाला इकडचा तिकडे करणे सोपे, खाली दरीत उतरल्यावर फार अवघड. पेशीचेही तसेच आहे. फरक इतकाच की कराडला कोयना कृष्णेला भेटते, पेशींच्या घळींचा असा प्रीतिसंगम होत नाही; त्या फुटतच जातात.

माथ्यावरची ही पेशी, म्हणजे भ्रूणीय मूळपेशी, हाती लागली १९८१ साली. केंब्रिजमध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि सॅन फ्रान्सिस्कोत गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे, उंदराच्या भ्रूणातून अशा पेशी काढून बशीत जिवंत ठेवल्या. माणसाच्या पेशींसाठी आणखी सतरा वर्षे लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी नोव्हेंबर १९९८मध्ये त्या जाहीर केल्या. फलनानंतर पाच-सहा दिवसांनी भ्रूण म्हणजे शे-दोनशे पेशींची पोकळ गोळी असते आणि तिच्या आत एका बाजूला चिकटलेला पेशींचा छोटा पुंजका असतो. हाच पुंजका काढून वाढवला, तर त्या पेशी वर्षानुवर्षे विभागत राहतात आणि शरीरातली कोणतीही पेशी होण्याची क्षमता टिकवतात. हे भ्रूण येतात टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतून. जोडप्याला नको असलेले, गोठवून ठेवलेले किंवा टाकून दिले जाणारे भ्रूण लेखी संमतीने संशोधनाला दिले जातात.

या वाटेवर मुंबई फार आधी पोचली होती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हस्ते हर्षा चावडाचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह जन्मलेले देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिची नोंद आहे. प्रयोगशाळेची बाजू परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन संशोधन संस्थेने, डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या नेतृत्वाखाली सांभाळली. त्याच संस्थेत, जिला पुढे एनआयआरआरएच म्हणू लागले, डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने मानवी भ्रूणीय पेशींचे दोन वाण तयार केले: किंड-१ आणि किंड-२. त्याचा शोधनिबंध २००९ साली आला आणि लेखकांच्या यादीत डॉ. हिंदुजाही होत्या. या पेशींना वाढायला खाली दुसऱ्या पेशींची गादी लागते. तोवर बहुतेक ठिकाणी ती उंदराच्या पेशींची असे, परळमध्ये ती माणसाच्या पेशींची आणि संस्थेतच तयार केलेली होती. ज्यांना पुढे रुग्णाच्या शरीरात जायचे आहे, त्या पेशींसाठी हा फरक किरकोळ नाही.

त्याच वर्षी बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात डॉ. मनीषा इनामदार यांच्या गटाने बीजेएनहेम-१९ आणि बीजेएनहेम-२० हे वाण प्रसिद्ध केले. गर्भाशयात ठेवण्याच्या लायकीचे नाहीत म्हणून बाजूला काढलेल्या तिसऱ्या प्रतीच्या भ्रूणांतून ते मिळाले होते आणि दोन्ही भ्रूण एकाच जोडप्याचे होते. टाकाऊ ठरलेल्या भ्रूणातूनही उत्तम पेशी मिळतात, हे त्यातून सिद्ध झाले. त्याआधी २००१ साली अमेरिकेच्या सरकारने मान्य केलेल्या ६४ मानवी वाणांच्या यादीतही मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसची सात आणि बंगळुरूच्या एनसीबीएसची तीन नावे होती.

पेशी मिळाल्या. पण बशीतली गादी काढून घेतली आणि पेशींना मोकळे सोडले, तर त्या मनाला येईल तशा बदलतात. एका गोळ्यात थोडे चेतातंतू, थोडी त्वचा, मध्येच धडधडणारा हृदयपेशींचा ठिपका. उंदराच्या शरीरात टोचल्या, तर दात, केस, आतड्याचे अस्तर, कूर्चा असे सगळे एकत्र असलेली गाठ होते, तिला टेराटोमा म्हणतात. पेशी खरोखर सर्वक्षम आहेत की नाहीत हे तपासायला शास्त्रज्ञ मुद्दाम हीच चाचणी करत आले. रुग्णाच्या शरीरात मात्र हीच क्षमता जिवावर उठते. म्हणून पेशी मिळवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिला वळण लावण्याचे काम महत्त्वाचे ठरले.

हे वळण लावायचे कसे, ते हृदयाच्या पेशीवरून पाहता येईल. विंट नावाचा एक संदेश भ्रूणात अनेक ठिकाणी वापरला जातो. अगदी सुरुवातीला तो मिळाला तर पेशी मध्यस्तराकडे वळते. रक्त, स्नायू, हाडे, हृदय हे सगळे याच थरातून येते. पण तोच संदेश पुढे चालू राहिला तर हृदय घडत नाही. कोंबडी आणि बेडकाच्या भ्रूणांत हे आधीच दिसले होते: हृदय घडते तिथे विंटला रोखणारी प्रथिने असतात. विस्कॉन्सिनमधल्या शॉन पालेचेक यांच्या गटाने २०१२ साली हेच बशीत केले. पहिल्या दिवशी एका छोट्या रसायनाने विंट जागा केला, तीन दिवसांनी दुसऱ्या रसायनाने तो दाबला. महागडी प्रथिने जवळपास लागलीच नाहीत. आठवड्या-दीड आठवड्यात बशी धडधडू लागली आणि चांगल्या बशीत ९८ टक्क्यांपर्यंत पेशी हृदयाच्या निघाल्या. एकच संदेश, आधी हवा आणि नंतर नको. नुसत्या घटकांच्या यादीने हे कधीच साधले नसते.

स्वादुपिंडाचा प्रवास याहून लांब आहे. टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. मुलाला लहानपणापासून रोज अनेकदा सुई टोचून घ्यावी लागते, आणि रात्री साखर एकदम उतरली तर आईवडिलांची झोप उडते. हार्वर्डच्या डग मेल्टन यांच्या तान्ह्या मुलाला १९९१ साली हा आजार झाला. तोवर ते बेडकाच्या भ्रूणावर काम करत होते. मग त्यांनी उरलेले आयुष्य बीटा पेशीला वाहिले.

इथली पहिली पायरी अंतःस्तराची, म्हणजे ज्यातून आतडे, यकृत आणि स्वादुपिंड होतात त्या थराची. ती चढायला अ‍ॅक्टिव्हिन नावाचे प्रथिन लागते. बेडकाच्या भ्रूणाच्या तुकड्यांना अ‍ॅक्टिव्हिन वळवू शकते, हे १९९०च्या सुमारास जपानच्या माकोतो असाशिमा आणि इंग्लंडच्या जिम स्मिथ यांच्या कामातून पुढे आले. त्याची मात्रा बदलली की वेगळी ऊती होते, हेही तेव्हाच कळले. कॅलिफोर्नियातल्या नोव्होसेल कंपनीच्या गटाने हे ज्ञान मानवी पेशींवर वापरले आणि २००६ साली इन्सुलिन करणाऱ्या पेशींपर्यंत पोचणारी पायऱ्या-पायऱ्यांची कृती प्रसिद्ध केली. आधी अ‍ॅक्टिव्हिन, मग आद्य आतड्याची नळी, मग अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल आणि त्याच वेळी हेजहॉग नावाच्या संदेशाला लगाम, कारण भ्रूणात स्वादुपिंड उगवते तिथे हेजहॉग गप्प असतो. या पेशी बऱ्याच अपक्व होत्या, साखर वाढली तरी नीट प्रतिसाद देत नव्हत्या. मेल्टन यांच्या गटाला साखरेप्रमाणे इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने बनवायला २०१४ उजाडले. म्हणजे सुरुवातीपासून वीसहून अधिक वर्षे.

महाराष्ट्रातही ही वाट कोरी राहिली नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, डॉ. रमेश भोंडे यांनी स्वादुपिंडातल्या पेशीपुंजांवर दीर्घकाळ काम केले. आनंदवर्धन हर्डीकर यांचे संशोधन इथूनच सुरू झाले आणि पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत गेले. याच केंद्रात डॉ. निबेदिता लेंका यांनी उंदराच्या भ्रूणीय पेशींपासून हृदयपेशी आणि चेतापेशी कशा घडतात याचा अभ्यास केला. परळला डॉ. भारतीय आणि प्रसाद पेठे यांनी मानवी पेशी स्वादुपिंडाकडे वळत असताना जनुकांवरची कुलपे कोणत्या पायरीला निघतात, हे २०१४ साली मांडले. वाट दाखवणारा संदेश बाहेरून येतो, पण आतले कुलूप निघाले नसेल तर त्या संदेशाचा उपयोग होत नाही, म्हणून हे काम मोलाचे.

पण या सगळ्यात जास्त जीव लावावा अशी गोष्ट हायड्राची आहे. हायड्रा म्हणजे डबक्यात, तळ्यात पाणवनस्पतीला चिकटून राहणारा काही मिलिमीटरचा जीव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षे काम केले. पुण्याच्या पाण्यातल्या हायड्राच्या वाणाची ओळखही त्यांनी शास्त्रीय पद्धतीने पक्की केली. स्पेमान-मँगोल्ड यांच्या त्या वळवणाऱ्या तुकड्यातून नेमके काय बाहेर पडते, हे अनेक दशके गूढ होते. १९९२ साली बेडकात त्यातले एक प्रथिन सापडले, नॉगिन. हे प्रथिन बीएमपी नावाच्या संदेशाला पकडून ठेवते. बीएमपी अडला की पेशी त्वचेऐवजी मेंदूच्या दिशेने जाते. घासकडबींच्या गटाला हायड्रातही नॉगिनचे जनुक सापडले. ते बेडकाच्या भ्रूणात पोटाच्या बाजूला टोचल्यावर तिथे दुसरा शरीर-अक्ष घडू लागला. २०१०च्या या शोधनिबंधात घासकडबींसोबत जपानी सहकारी होते आणि त्यात अ‍ॅक्टिव्हिनवाले असाशिमाही होते. ज्या जिवाला पाठीचा कणा नाही, मेंदू नाही, त्याचे प्रथिन बेडकाच्या पेशींना समजले. कोट्यवधी वर्षे हा संदेश जवळपास तसाच वापरात आहे.

याचा माणसाच्या आजाराशी, समजा कंपवाताशी, काय संबंध, असे कुणी विचारील. थेट संबंध आहे. २००९ साली न्यू यॉर्कमधल्या लोरेन्झ स्टुडर यांच्या प्रयोगशाळेने मानवी मूळपेशींना चेतापेशींकडे वळवण्याची जी सोपी कृती दिली, तिच्यात नॉगिन होते आणि जोडीला दुसऱ्या एका संदेशाला अडवणारे रसायन. पुढे त्यात हेजहॉग आणि विंट योग्य वेळी घालून मेंदूच्या मधल्या भागातल्या, डोपामाइन करणाऱ्या पेशी मिळू लागल्या. कंपवातात मरतात त्या याच. स्वादुपिंडासाठी जो हेजहॉग दाबावा लागतो, तोच इथे हवा असतो. अमेरिकेतल्या ब्लूरॉक कंपनीने अशा पेशी १२ रुग्णांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना सोडल्या. एप्रिल २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अहवालानुसार दीड वर्षात या पेशींमुळे गंभीर त्रास झाला नाही आणि त्या तग धरून असल्याच्या खुणा स्कॅनमध्ये दिसल्या. त्याच अंकात क्योटो विद्यापीठाचा सात रुग्णांवरचा प्रयोग होता. त्यातल्या पेशी भ्रूणातल्या नव्हत्या.

त्या आल्या शिन्या यामानाका यांच्या शोधातून. २००६ साली त्यांनी आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी फक्त चार जनुके घालून उंदराच्या साध्या पेशीला पुन्हा डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवले. माणसाच्या पेशींत ते २००७ साली जमले आणि २०१२ साली जॉन गर्डन यांच्यासोबत यामानाकांना नोबेल मिळाले. भ्रूण वापरण्यावरचा नैतिक वाद त्याने बराच निवळला. वाट दाखवण्याचे काम मात्र तसूभरही कमी झाले नाही. माथ्यावरून खाली कोणत्या घळीने उतरायचे, ते या पेशींनाही शिकवावेच लागते.

मधुमेहातला निकाल सर्वांत ठळक आहे. मेल्टन यांच्या कामातून निघालेल्या पेशी आता व्हर्टेक्स कंपनीकडे आहेत. जून २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जण वर्षानंतर इन्सुलिनशिवाय होते. साखर धोकादायकपणे उतरण्याचे प्रसंग बाराही जणांत थांबले. हे वाचून आनंद झाला पाहिजे, पण पुढचे वाक्यही वाचले पाहिजे. या पेशी परक्या असल्याने रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. या चाचणीत दोन जण दगावले, त्यातल्या एकाला मेंदूच्या आवरणाचा बुरशीसंसर्ग झाला होता. ज्या मुलाची साखर इन्सुलिनवर बऱ्यापैकी ताब्यात आहे, त्याच्यासाठी हा सौदा आज तरी योग्य नाही. हृदयाच्या पेशींबाबतही असेच. २०१४ साली सिएटलमध्ये माकडांच्या दुखावलेल्या हृदयांत सुमारे एक अब्ज पेशी सोडल्या, त्या रुजल्या, स्नायू झाल्या. पण काही काळ हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले.

आता घराजवळचे बोलायला हवे. मिरजेला १८९४ साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय काढले तेव्हापासून दूरदूरच्या गावांतून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून माणसे इथे विश्वासाने येतात. ज्याला आपल्या डॉक्टरवर विश्वास ठेवायची सवय आहे, त्याला फसवणे सोपे असते. देशातल्या अनेक शहरांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा, मधुमेह अशा सगळ्यांवर ‘स्टेम सेल थेरपी’ विकली जाते. बहुतेक वेळा रुग्णाच्याच मज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या पेशी पुन्हा त्याच्या शिरेत सोडल्या जातात. त्यांना कुठलीही वाट दाखवलेली नसते. चरबीतून काढलेली पेशी शिरेतून गेल्यावर मेंदूत पोचून चेतापेशी होईल, असे समजणे म्हणजे आज सांगितलेली सगळी दशके पुसून टाकणे. चुकीच्या पेशी चुकीच्या जागी सोडण्याचे परिणामही नोंदले गेले आहेत. मॉस्कोत गर्भातल्या चेतापेशी टोचून घेतलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी झाल्या, आणि त्या दात्याच्या पेशींच्या निघाल्या. २००९ साली ते प्रसिद्ध झाले.

भारतात आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत भ्रूण १४ दिवसांपलीकडे किंवा आदिरेषा उमटल्यावर वाढवण्यास मनाई आहे. मुल्हेरकरांनी जिच्यावर काम केले तीच रेघ इथे नियमाची हद्द झाली. उपचाराच्या बाबतीत ही तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मज्जा-प्रत्यारोपण आणि औषध नियंत्रकांनी मंजूर केलेली मोजकी उत्पादने सोडता, बाकी सर्व प्रयोग आहे आणि तो फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. स्वमग्नतेसाठी मूळपेशी वापरू नयेत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ साली सांगितले. तरी जाहिराती थांबलेल्या नाहीत. हे चीड आणणारे आहे, कारण पैसे जातात ते बहुधा हातचे सगळे उपाय संपलेल्या आईवडिलांचे.

अशा दवाखान्यात पाऊल टाकण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. शरीरात जाणार ती पेशी नेमकी कोणती? ती कोणत्या टप्प्यांतून घडवली? आणि ती तीच आहे, तिच्यात न वळलेल्या पेशी उरलेल्या नाहीत, हे कोणत्या तपासणीने ठरवले? खरे काम करणारा माणूस या प्रश्नांनी खूश होईल, कारण त्याचे सगळे आयुष्य यांच्याच उत्तरात गेलेले असते. चाचणी चालू आहे असे सांगितले, तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला तिचा क्रमांक मागावा. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते आणि तिच्यात चाचणी कोण करतो, कुठे, कोणत्या नीतिसमितीच्या संमतीने, हे सगळे लिहिलेले असते. आणि प्रायोगिक पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी बिल पुढे केले, तर ते बिल जपून ठेवून तक्रार करावी.